अमेरिकन मसल कारमधील ब्रेक व शीतन पर्याय

मसल कार म्हणजे मध्यम किंवा लहान आकाराच्या सर्वसाधारण मोटारीत मोठे व्ही-८ इंजिन बसवून तयार केलेली, बहुधा दोन दारांची वेगवान अमेरिकन मोटार होय. १९६४ ते १९७४ या सुमारास या मोटारींना विशेष लोकप्रियता लाभली. इंजिनाची शक्ती हे त्यांचे प्रमुख आकर्षण असले, तरी त्या शक्तीस पुरेसे पडणारे ब्रेक व शीतनव्यवस्था मूळ किमतीत मिळतच असे नव्हे. डिस्क ब्रेक, शक्तिसाहाय्यित ब्रेक, मोठा रेडिएटर, तेलशीतक इत्यादी भाग ग्राहकाने जादा पैसे देऊन मागणीपत्रात नोंदवले, तरच कारखान्यातून बसवून येत. अशा भागांना कारखानानिर्मित पर्याय म्हणतात.

पार्श्वभूमी

जनरल मोटर्सच्या पाँटिअॅक विभागाने १९६४ मध्ये ‘टेम्पेस्ट ल मान्स’ या मध्यम आकाराच्या मोटारीवर ‘जीटीओ’ हा पर्यायी संच उपलब्ध करून दिला. त्यात ३८९ घनइंची (सुमारे ६.४ लिटर) इंजिन असून त्याची घोषित शक्ती ३२५ अश्वशक्ती होती. मध्यम आकाराच्या मोटारीत एवढे मोठे इंजिन बसवण्यास कंपनीच्या अंतर्गत धोरणाची आडकाठी होती. इंजिन ‘पर्याय’ म्हणून देऊन ती टाळण्यात आली. मात्र या मोटारीच्या चारही चाकांना साडेनऊ इंच व्यासाचे ड्रम ब्रेकच होते. हीच रीत पुढे इतर कंपन्यांनीही गिरवली.

मोटारीचा वेग दुप्पट झाला, की तिची गतिज ऊर्जा चौपट होते. १,६०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी १६० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवताना सुमारे १.६ मेगाज्यूल ऊर्जा मुख्यतः ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने उतरते. नळाच्या सुमारे पाच लिटर पाण्यास उकळी आणण्यास एवढी उष्णता पुरते. ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबताना तिचा चौथा हिस्साच निर्माण होतो.

ड्रम ब्रेकची मर्यादा

ड्रम ब्रेकमध्ये फिरत्या पोकळ ड्रमच्या आतील पृष्ठभागावर दोन ब्रेक-शू दाबले जातात. ड्रमच्या फिरण्यामुळे शू अधिक आवळला जात असल्याने पायाचा थोडा जोरही पुरतो. तथापि उष्णता ड्रमच्या आत कोंडते, तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो आणि अस्तराचे घर्षण कमी होते. त्यामुळे लागोपाठ जोरात ब्रेक लावल्यास पेडल दाबूनही मोटार पूर्वीइतक्या अंतरात थांबत नाही. ब्रेकद्रव उकळल्यास त्यात बाष्पाचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जाते. ड्रममध्ये पाणी शिरल्यास ब्रेकची पकड काही काळ सुटते.

डिस्क ब्रेकमधील चकती उघडी असल्यामुळे हवेने लवकर थंड होते व पाणीही झटकून टाकते. मात्र तिला ड्रमप्रमाणे आपोआप आवळण्याचा लाभ नसल्याने पेडलवर अधिक जोर लागतो. म्हणून जड मोटारींत डिस्क ब्रेकबरोबर इंजिनाच्या निर्वातावर चालणारा बूस्टर घेण्याची प्रथा पडली.

ब्रेकचे पर्याय

आरंभीच्या काळात मोठे ड्रम आणि धातुमिश्रित अस्तरे हे मुख्य पर्याय होते. सिंटर केलेल्या धातूची अस्तरे उष्णता चांगली सोसत; परंतु थंड असताना त्यांची पकड कमी असे व ती आवाज करत. त्यामुळे शर्यतीस ती सोयीची असली, तरी रोजच्या वापरास गैरसोयीची ठरत.

फोर्ड मस्टँगला १९६५ च्या प्रतिमानापासून पुढील चाकांसाठी केल्सी-हेझ बनावटीचे चार पिस्टनचे डिस्क ब्रेक पर्याय म्हणून मिळू लागले. ‘जीटी’ संचात ते अंतर्भूत होते. पाँटिअॅक जीटीओला पुढील डिस्क ब्रेकचा पर्याय १९६७ मध्ये मिळाला.

शेव्हरोलेच्या मागणीपत्रात प्रत्येक पर्यायास संकेतांक असे. त्यांपैकी काही महत्त्वाचे पुढीलप्रमाणे :

• जे५० – शक्तिसाहाय्यित ब्रेक
• जे५२ – पुढील चाकांचे डिस्क ब्रेक
• जे६५ – धातुमिश्रित अस्तरे
• जेएल८ – चारही चाकांचे डिस्क ब्रेक (१९६९ ची कमॅरो)

‘जेएल८’ची किंमत ५०० डॉलरहून किंचित अधिक होती. व्ही-८ इंजिनाची साधी कमॅरो त्या वर्षी सुमारे २,७०० डॉलरला मिळत असल्याने हा खर्च मोठाच होता. हा पर्याय असलेल्या केवळ २०६ मोटारी तयार झाल्याची नोंद आढळते. ‘झेड/२८’ या शर्यतप्रधान कमॅरोवर मात्र पुढील डिस्क ब्रेक घेणे सक्तीचे होते.

शेव्हरोलेच्याच कॉर्व्हेट या क्रीडामोटारीस १९६५ पासून चारही डिस्क ब्रेक मूळ किमतीतच देण्यात आले. त्या वर्षी ‘जे६१’ हा उलटा पर्यायही होता : डिस्कऐवजी ड्रम ब्रेक स्वीकारल्यास ६४.५० डॉलरची सूट मिळे. ३१६ ग्राहकांनी ती घेतली.

शीतनव्यवस्थेचे पर्याय

इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग इंजिनातील शीतकद्रवावाटे बाहेर टाकावा लागतो. नाशिकजवळील एकलहरे येथील औष्णिक वीजकेंद्रात वाया जाणारी उष्णता शीतन मनोऱ्यांतून हवेत सोडली जाते. मोटारीत हेच काम रेडिएटर करतो. भरधाव मोटारीच्या रेडिएटरला वारा आपोआप मिळतो. वाहतुकीत अडकलेल्या किंवा शर्यतीच्या रांगेत उभ्या असलेल्या मोटारीची मदार मात्र पंख्यावर असते. त्यामुळे पर्यायांत पुढील भागांचा समावेश असे :

• अधिक रुंद किंवा नळ्यांच्या अधिक ओळी असलेला तांबे-पितळेचा रेडिएटर
• अधिक पात्यांचा पंखा आणि त्याचा सर्व वारा रेडिएटरमधूनच ओढला जावा यासाठी पंख्याभोवतीचे आवरण
• तापमानानुसार पंख्याची गती कमी-अधिक करणारा श्यान क्लच

शेव्हरोलेच्या यादीत अधिक क्षमतेचा रेडिएटर ‘व्ही०१’ आणि तापमान-नियंत्रित पंखा ‘के०२’ या संकेतांकाने येई. क्रायस्लरच्या डॉज व प्लिमथ मोटारींवर ‘एन५१’ हा कमाल शीतन संच मिळे. त्यात २६ इंची रेडिएटरचा समावेश असे. वातानुकूलनाचा संघनक रेडिएटरच्या पुढे बसत असल्याने वातानुकूलित मोटारींनाही वाढीव शीतन द्यावे लागे. ४२६ घनइंची हेमी इंजिनासह वातानुकूलन मिळतच नसे.

रेडिएटरचे दाबयुक्त झाकण सर्वच मोटारींत असे. प्रेशर कुकरप्रमाणे आतील दाब वाढल्याने द्रवाचा उत्कलनबिंदू वर जातो. म्हणूनच तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे धोक्याचे असते. दाब सुटताच द्रव उसळून गंभीर भाजण्याची शक्यता असते.

एकत्रित संच

काही पर्याय एकमेकांशी जोडून विकले जात. क्रायस्लरच्या ‘ए३४ सुपर ट्रॅक पॅक’ संचात ४.१० गुणोत्तराचा भक्कम डेना आस, शक्तिसाहाय्यित पुढील डिस्क ब्रेक आणि वाढीव शीतन एकत्र मिळे. फोर्डने १९६९ मध्ये ४२८ कोब्रा जेट इंजिनाच्या मोटारीसाठी ‘ड्रॅग पॅक’ आणला. ३.९१ किंवा ४.३० गुणोत्तराचा आस निवडल्यास इंजिनाचे अंतर्गत भाग अधिक मजबूत मिळत व रेडिएटरपुढे तेलशीतकही बसे. अशा गुणोत्तरामुळे इंजिन त्याच वेगाला अधिक फेरे घेते व तेल अधिक तापते, हे त्यामागील कारण होते.

कायदा व मानके

रॅल्फ नेडर यांच्या ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ या १९६५ मधील पुस्तकाने मोटारींच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आणला. १९६६ मध्ये राष्ट्रीय वाहतूक व मोटारवाहन सुरक्षा कायदा संमत झाला. पूर्वी ब्रेकची एकच द्रवनलिका फुटली, तरी चारही चाकांचे ब्रेक निकामी होत. अमेरिकन मोटारींत १९६७ च्या प्रतिमानांपासून दुहेरी मुख्य सिलिंडर रूढ झाला. त्यामुळे एक मंडल फुटले, तरी दुसरे काम देत राहिले. १९६८ पासून संघराज्यीय मानक क्रमांक १०५ लागू झाले आणि १९७६ पासून ते अधिक कठोर झाले. याच काळात पुढील डिस्क ब्रेक बहुतेक अमेरिकन मोटारींचा नेहमीचा भाग बनले. थोडक्यात, श्रीमंत किंवा जाणकार ग्राहकापुरती मर्यादित असलेली सुरक्षितता सर्वांच्या वाट्याला आली.

भारताशी संबंध

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे जुळणी कारखाना सुरू केला होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ व डिसोटो मोटारींची जुळणी होई. स्वदेशी उत्पादनावर भर देणाऱ्या सरकारी धोरणामुळे जनरल मोटर्सने १९५० च्या दशकात भारतातील जुळणी थांबवली, तर प्रीमियरने फियाटचे सहकार्य घेतले. त्यामुळे मसल कार भारतात तयार झाल्या नाहीत. त्या काळी महाराष्ट्रातील रस्त्यांवर परिचित असलेल्या १,०८९ घनसेंटिमीटर इंजिनाच्या फियाट ११०० मोटारीसही ड्रम ब्रेकच होते. मात्र तिची शक्ती व वेग मसल कारच्या मानाने फारच कमी होता.

जतन व पुनरुद्धार

जुन्या मसल कारचे मूल्य ठरवताना मूळ संकेतांकांस महत्त्व असते. मोटारीवरील धातूची पट्टी व कारखान्यातील बांधणीपत्रक यांवरून मूळ पर्याय पडताळता येतात. मात्र प्रत्येक कंपनीच्या पट्टीवर सर्व पर्याय नोंदलेले नसतात. दुर्मीळ पर्यायांची नक्कल होत असल्याने पट्टी, बांधणीपत्रक व प्रत्यक्ष भागांवरील ओतीव क्रमांक यांचा मेळ घालणे आवश्यक ठरते. मूळ एकेरी सिलिंडर व ड्रम ब्रेक जपलेली मोटार ऐतिहासिक दृष्ट्या अधिक अस्सल ठरते. परंतु आजच्या रहदारीत ती चालवताना थांबण्यासाठी अधिक अंतर राखावे लागते.