निर्वासित तरुणांचे नागरी स्वावलंबन
युद्ध वा छळ यांमुळे देशत्याग करून छावणीऐवजी शहरात आश्रय घेतलेल्या तरुणांना शिक्षण, उमेदवारी व भांडवल पुरवून उपजीविकेस समर्थ करणारे विकाससाहाय्य. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात अर्थार्जनाचे हक्क नमूद असले, तरी शहरातील आश्रय वैध मानणारे धोरण संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने २००९ मध्ये स्वीकारले.

युगांडाची राजधानी कंपाला हे या कार्याचे लक्षणीय क्षेत्र. त्या देशाने २००६ च्या कायद्याने निर्वासितांस संचाराची व रोजगाराची मुभा दिली. मात्र नाकिवालेसारख्या ग्रामीण वसाहतीत मिळणाऱ्या जमिनीवर व शिध्यावर शहर पसंत करणाऱ्यास सामान्यतः पाणी सोडावे लागते. कंपालाच्या किसेन्यी भागातील सोमाली तरुणास निदान स्वजनांच्या दुकानांचा आधार सापडतो. परंतु फ्रेंच व स्वाहिली जाणणारा, पण कचेरीची इंग्रजी वा बाजाराची लुगांडा न जाणणारा, शाळेचे दाखले मागेच राहिलेला आणि कर्जास जामीन न मिळणारा काँगोचा तरुण फेरीविक्रीकडे वळतो, आणि तेथेही परवान्याअभावी माल जप्त होण्याची धास्ती त्याला असतेच. शिवणकाम व केशरचना यांचे वर्ग काढणे सोपे, म्हणून साहाय्यकर्त्यांचा ओढा तिकडे असतो. पण गिऱ्हाइकांचा अदमास न घेता शिकविलेले कसब फारसे फळत नाही. त्याहून मार्मिक जाण काँगोच्या निर्वासित तरुणांनीच २००७ मध्ये कंपालात स्थापन केलेल्या ‘यंग आफ्रिकन रेफ्युजीज फॉर इंटिग्रल डेव्हलपमेंट’ या संस्थेने दाखविली : तिने प्रथम फुटबॉलच्या निमित्ताने मुले एकत्र आणली आणि मग इंग्रजीचे वर्ग चालविले.