तपासणी गावात, ऑपरेशन दवाखान्यात : असं का?

सोनईच्या आसपास मोतीबिंदूचं शिबिर लागलं की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो, "तपासणी गावात करता, मग ऑपरेशन इथंच का नाही? म्हाताऱ्या माणसाला कशाला गाडीत घालून लांब न्यायचं?" याचं उत्तर इतिहासात आहे.

पूर्वी ऑपरेशनं गावातच व्हायची. शाळेच्या खोल्या रिकाम्या करायच्या, बाकांवर पेशंट झोपवायचे. 1976 मध्ये सरकारनं अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आंधळेपण फार आणि डॉक्टर थोडे, अशा काळात शिबिरांनी असंख्य म्हाताऱ्यांना पुन्हा नातवंडांची तोंडं दाखवली.

पण एप्रिल 1986 मध्ये उत्तर प्रदेशात खुर्जा इथल्या शिबिरात 88 जणांचे मोतीबिंदू काढले आणि 84 जणांच्या डोळ्यांचं कायमचं नुकसान झालं. डोळ्यासाठी वापरलेल्या सलाईनमधूनच जंतू आत गेले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1989 मध्ये न्यायालयानं आधीच्या 5,000 रुपयांखेरीज प्रत्येकाला आणखी 12,500 रुपये द्यायला लावले. गेलेली नजर पैशानं थोडीच येते?

पुढं 1994 पासून जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला. त्यात महाराष्ट्र होता. तेव्हापासून तपासणी गावात आणि ऑपरेशन दवाखान्याच्या निर्जंतुक खोलीत, हीच पद्धत रुजत गेली.

तरी धोका पुरता संपलेला नाही. जानेवारी 2019 मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या पालिका रुग्णालयात सात जणांची ऑपरेशनं झाली. जंतुसंसर्गानं त्यातल्या पाच जणांची नजर गेली. असं क्वचित होतं. पण ज्याचा डोळा जातो, त्याचं सगळंच जातं.

डोळ्याच्या आत जेलीसारखा पदार्थ असतो. तिथं जंतू शिरले की गोळ्या आणि थेंब पुरेसे पोहोचत नाहीत. म्हणून 1970 नंतरच्या काळात डॉक्टरांनी जंतुनाशक औषध सुईनं थेट डोळ्यात द्यायला सुरुवात केली. नजर फक्त उजेड कळण्याइतकीच उरली असेल, तर आतली जेली काढण्याचं ऑपरेशन लगेच केलेलं बरं, हे 1995 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानं दाखवलं. म्हणजे इलाज आहे, पण तो वेळेवर हवा. इथं तासांचा हिशेब असतो.

म्हणून बायांनो, ऑपरेशननंतर डोळा ठणकायला लागला, लाली किंवा सूज वाढली, घाण यायला लागली किंवा कालच्यापेक्षा आज कमी दिसायला लागलं, तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. मध, दूध, झाडपाला काही घालू नका. डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका.

आणि गटानं एवढं करावं. ऑपरेशन झालेल्या माणसाचं नाव वहीत लिहावं आणि पहिले आठ-दहा दिवस एकीनं रोज त्या घरी जाऊन विचारावं, "डोळा दुखतो का? काल दिसत होतं तेवढंच आज दिसतं का?" म्हातारी माणसं लेकरांना त्रास नको म्हणून दुखणं अंगावर काढतात. आपण विचारलं, तर सांगतील.