बालाघाटाच्या पोटातलं पाणी

श्रावणात सौताड्याला गर्दी होते. विंचरणा नदी बालाघाटाच्या कड्यावरून खोल दरीत उडी घेते आणि दरीच्या तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे. मी भूगोलाचा मास्तर. पोरांना घेऊन गेलो, की धबधब्याआधी त्यांना कडा बघायला लावतो. वर ताठ उभा काळा पाषाण, त्याखाली ठिसूळ, भोकाभोकांचा खडक, पुन्हा पाषाण. त्या भोकांत कुठं कुठं पांढरे स्फटिक चमकतात. तापलेल्या रसातून वाफा निसटू पाहत होत्या, त्यांचे बुडबुडे थिजून ही भोकं झाली. वरच्या पाषाणाचा आणि खालच्या ठिसूळ थराचा सांधा जिथं असतो तिथं बोट लावलं तर ओल लागते. आमच्या बीड जिल्ह्याचा इतिहास मी या सांध्यापासून सुरू करतो.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. आजही जवळपास 5 लाख चौरस किलोमीटर मुलूख त्याखाली आहे. सह्याद्रीत या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते, पूर्वेकडे ती कमी होते. 1993च्या किल्लारी भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं तिथं खोल छिद्र घेतलं. 338 मीटर लाव्हाचा खडक, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळ आणि मग थेट अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक. अंबाजोगाईची माणसं किल्लारीचं नाव अजून दबक्या आवाजात घेतात. पण या एका छिद्रानं आमच्या पायाखालच्या खडकाची जाडी मापून दिली.

आइसलँडमध्येही असाच लाव्हा आहे, पण तिथं ज्वालामुखीवर बर्फ बसलाय. वात्नायोकुल ही तिथली हिमनदी आमच्या सबंध बीड जिल्ह्याच्या जवळपास तीन चतुर्थांश एवढी आणि सरासरी 400 मीटर जाड. तिच्याखाली ग्रिम्सव्होत्नसारखे जागे ज्वालामुखी आहेत. 1996मध्ये बर्फाखालीच उद्रेक झाला, बर्फ वितळून पाणी आत साठत राहिलं आणि नोव्हेंबरात असा लोंढा सुटला की किनाऱ्याच्या मुख्य रस्त्यावरचे पूल वाहून गेले. एरवी मात्र तो बर्फ उन्हाळाभर थोडा थोडा पाझरून नद्यांना पाणी पुरवतो. बालाघाटावर असं काही नाही. पाऊस चार महिने, तोही साडेसहाशे-पावणेसातशे मिलिमीटर आणि आष्टी-पाटोद्याकडं त्याहून कमी. पाणी धरून ठेवायचं काम आमच्याकडे खडकाला करावं लागतं, आणि लाव्हाचा खडक ते फार कंजूषपणे करतो.

महाराष्ट्रात बर्फ नव्हताच असंही नाही. पैनगंगेकाठी, चंद्रपूरजवळ इरई इथं चुनखडीच्या कातळावर लांबच लांब ओरखडे आहेत. सरकत्या बर्फात अडकलेल्या दगडांनी ते सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी ओढले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडन यांनी 1875मध्ये त्यांची नोंद केली. आपल्याकडे बर्फ आधी आला नि लाव्हा फार नंतर, त्यामुळं दोघांची गाठ कधी पडलीच नाही.

मग इथल्या माणसांनी काय केलं? विहिरी खोदणाऱ्यांनी खडक वाचायला शिकून घेतलं. आमच्या गावाकडचा एक म्हातारा वडार यारीजवळ बसून वर येणारा प्रत्येक दगड हातात घेऊन बघायचा. पाषाण लागला की म्हणायचा, "मास्तर, अजून दोन परस सुरुंग लावा, खाली मांजऱ्या हाय." मांजऱ्या म्हणजे तोच भोकांचा खडक. तो झिजलेला, फुटलेला असला की पाणी धरतो. पाषाण फक्त भेगांतून देतो. लाल गेरूचा थर पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या वर झरा सापडतो. कॉलेजात मी हेच इंग्रजी नावांनी शिकलो. म्हाताऱ्याला ते पहारीच्या आवाजावरून कळायचं.

याच शहाणपणाचं सगळ्यात मोठं काम म्हणजे बीडजवळची खजाना विहीर. सोळाव्या शतकात, निजामशाहीत, सलाबतखानानं ती बांधून घेतली. कारागीर राजा भास्कर. विहिरीत भूमिगत वाटांनी पाणी येतं आणि दुसऱ्या वाटेनं खालच्या बलगुजर शिवारात जातं. मोट नाही, बैल नाही, नुसता उतार. बांधणाऱ्याला डोंगर कुठं पाझरतो आणि जमीन किती उतरते, हे दोन्ही नेमकं माहीत होतं. किल्ले बांधणाऱ्या सरदारांची नावं आम्ही पोरांकडून पाठ करून घेतो, राजा भास्करचं नाव पुस्तकात नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

1972च्या दुष्काळानंतर बोअरची यंत्रं आली. तेव्हा त्यांनी गावं जगवली, हे मान्यच करायला हवं. पण पुढं शंभर फुटांवरून तीनशे, तीनशेवरून सातशे अशी खोली वाढत गेली. बोअर सगळे थर एका रेषेत भोसकतो. गेरूनं वर अडवून धरलेलं पाणी त्या भोकातून खाली निसटतं आणि शेजारची जुनी विहीर दिवाळीनंतरच तळ दाखवते. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. ऊस उभा असतो, बँकेचा हप्ता उभा असतो.

सौताड्याचं पाणी सीनेतून भीमेला आणि पुढं कृष्णेला जातं. त्याच पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ उगवणारी मांजरा मात्र गोदावरीची वाट धरते. म्हणजे दोन मोठ्या खोऱ्यांना पाणी वाटून देणारी ही भुई आहे, आणि तिच्यावरच टँकर फिरतात. केज तालुक्यात धनेगावला मांजरेवर मोठं धरण आहे, लातूरची तहान त्यावर भागते. 2016च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या गाडीचे फोटो सगळ्या देशानं पाहिले. त्याच उन्हाळ्यात मी उगमाकडच्या शिवारात हिंडत होतो. जुन्या विहिरींच्या कडांवर तिन्ही थर उघडे पडले होते, पाषाण, मांजऱ्या, गेरू, आणि गेरूच्या वरची ओल वाळून भुरभुरत होती.