कौटुंबिक विनोदी मालिका व श्रमिक जीवन

एकाच घरातील ठरावीक पात्रे, जवळजवळ कायम राहणारे घटनास्थळ आणि त्याच भागात उद्भवून मिटणारा पेच यांवर उभ्या असलेल्या दूरचित्रवाणीवरील विनोदप्रकारास कौटुंबिक विनोदी मालिका म्हणतात. चि. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊ कथांवरील मुंबई दूरदर्शनच्या मालिकेने तो मराठी प्रेक्षकांत रुजवला. पुढे आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून ‘वागळे की दुनिया’ (१९८८) ही हिंदी मालिका आली, तर दिलीप प्रभावळकर यांच्या ‘अनुदिनी’वर आधारलेली व केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ (२००१) मराठीत विशेष गाजली.

या मालिकांतील कुटुंब नोकरदार असते. काटकसर, सचोटी आणि वडीलधाऱ्यांचा मान ही मूल्ये तेथे उपदेशातून न येता किरकोळ फजितीतून ठसतात. टिपऱ्यांचे आबा दिवसाअखेर रोजनिशी लिहितात, तेव्हा घराची घडी पुन्हा बसलेली असते. श्रमिक माणूस मात्र बहुधा मोलकरीण किंवा दूधवाला म्हणून दारापर्यंतच येतो. ‘नुक्कड’ (१९८६) या हिंदी मालिकेने त्याला मध्यभागी आणले, पण त्यासाठी घर सोडून रस्त्याचा कोपरा निवडला.

याचे कारण केवळ लेखकांच्या शहरी दृष्टीत नसून या प्रकाराच्या बांधणीतही आहे, हे नांदेड व लातूर जिल्ह्यांतील जीवनाशी ताडून पाहता स्पष्ट होते. मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट या भागांतील ऊसतोड कुटुंबे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन दसऱ्यानंतर कारखान्यांकडे जातात. नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते आणि म्हातारी माणसे गावीच राहतात. लातूरच्या अडत बाजारातील हमालाची कमाई पोत्यांवर ठरते, त्यामुळे आवक घटली की चूल आणि मुलांची शिकवणी दोन्ही अडतात. असा पेच भागाच्या शेवटी मिटत नाही आणि विनोदाला लागणारे स्थिर घरही येथे वर्षभर भरलेले नसते.

मराठवाड्यातील कष्टकरी शेतकरी कुटुंबाचा विनोद म्हणूनच मालिकेआधी रंगभूमीवर बहरला. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ (१९७९) या एकपात्री प्रयोगात एकच नट ५२ पात्रे उभी करतो आणि ‘काय करायलास?’ अशा धाटणीची बोली बोलणारे कुटुंब लग्नासाठी थेट लंडन गाठते. हसू त्यांच्या बुजरेपणावर येत असले, तरी कोणालाही मागे न ठेवण्याचा गोतावळ्याचा आग्रह हेच त्यातील मूल्य ठरते. टिपऱ्यांच्या घरातील जिव्हाळा आणि या वऱ्हाडातील जिव्हाळा एकाच जातीचे आहेत. फरक इतकाच की, पहिल्याला महिन्याच्या पगाराचा आधार आहे आणि दुसऱ्याला तो नाही.