काशीच्या घरांतील तुळस आणि तिच्यावरील किडी

वाराणसीत गंगेच्या काठी ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगा घाट या परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. अरुंद गल्ल्यांतील उंच घरांमध्ये चौकापर्यंत ऊन फार थोडा वेळ पोहोचते. तुळशीला मात्र रोज किमान पाच-सहा तास ऊन लागते. सावलीत वाढलेले रोप कोवळे व लांबट होते आणि किडींना सहज बळी पडते. त्यामुळे उपचाराचा आरंभ औषधाने नव्हे, तर कुंडीची जागा बदलण्याने करणे इष्ट ठरते. गच्ची असल्यास कुंडी तेथे न्यावी.

तुळशीची खास कीड म्हणजे जाळीदार पंखांचा, जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा काळपट ढेकूण. तो पानांच्या मागे आणि मंजिऱ्यांवर बसून रस शोषतो. पाने आकसतात, शेंडे वाळतात आणि पानांखाली विष्ठेचे काळे ठिपके दिसतात. पुष्कळदा हे रोप 'पाण्यावाचून सुकले' असे समजून अधिक पाणी घातले जाते व मुळे कुजतात. असे शेंडे कापून पिशवीत बंद करावेत. कुंडीतच टाकू नयेत.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसल्यास तो पिठ्या ढेकूण होय. मनी प्लांट, क्रोटन, जास्वंद यांवरही तो आढळतो. त्याच्या अंगावर मेणाचे आवरण असल्याने नुसते पाणी उपयोगी पडत नाही. शोभेच्या झाडांवर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने तो पुसून काढता येतो. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तिचाही बंदोबस्त करावा, कारण पिठ्या ढेकणाने सोडलेल्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्याचे शत्रूंपासून रक्षण करतात. या किडीवर जगणारा क्रिप्टोलेमस हा भुंगेरा 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणण्यात आला. फळबागांत तो उपयुक्त ठरला असला, तरी घरातील दोन-चार कुंड्यांसाठी त्याचा विचार व्यवहार्य नाही.

एप्रिल ते जूनच्या कोरड्या उष्णतेत लाल कोळी बळावतो. त्याला आठ पाय असल्याने तो कीटकांत मोडत नाही. म्हणून अनेक कीटकनाशके त्याच्यावर निष्प्रभ ठरतात, उलट त्याला खाणारे जीव मात्र मरतात. पानांवर बारीक फिकट ठिपके आणि नाजूक जाळे ही त्याची खूण. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा येथे सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तुळशीच्या बाबतीत खरा प्रश्न औषधाचा आहे. तिचे पान तीर्थात पडते, काढ्यात जाते, लहान मुलांच्या तोंडी दिले जाते. घरगुती फवारणीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या डायक्लोरव्हॉसवर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. जुनी बाटली उरली असल्यास ती वापरू नये. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा द्रवरूप साबण मिसळून सायंकाळी फवारावे. आधी एका फांदीवर परीक्षा घ्यावी. अंड्यांतून नवी पिल्ले निघत असल्याने आठवड्याने पुन्हा फवारणी लागते. या काळात पाने पूजेस वा खाण्यास तोडू नयेत, पुढेही ती धुऊनच घ्यावीत. घरात दोन रोपे ठेवली तर नित्याची अडचण होत नाही.

कुंडीत दूध ओतणे, निर्माल्य साठवणे या सवयींमुळे माती ओली राहते आणि बारीक काळ्या माश्या व बुरशी वाढते. श्रद्धेला बाधा न आणता निर्माल्य वेगळ्या कुंडीत कुजवता येईल. पौष-माघातील धुक्यात होणारी पानगळ मात्र थंडीची असते. त्या वेळी फवारणी व्यर्थ. रोपावर रात्री पातळ वस्त्र घालावे, जसे उत्तर भारतात तुळशीला चुनरी पांघरून केले जाते.