क्रेवरची आज्ञावली आणि मान्सूनचे प्रारूप

१९८९ साली नवी दिल्लीत क्रे एक्स-एमपी/१४ हा महासंगणक कार्यान्वित झाला, तेव्हा चर्चा झाली ती यंत्राची. भारताने दोन प्रक्रियकांचे यंत्र मागितले होते; अमेरिकेने एकाच प्रक्रियकाचे दिले, तेही हवामानाच्या कामासाठी आणि कडक अटींवर. त्या अनुभवातून पुण्याची सी-डॅक आणि १९९१ चा 'परम ८०००' कसा आकाराला आला, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. क्रेवर चालणाऱ्या आज्ञावलीचे पुढे काय झाले, ही कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. वस्तुतः तीच अधिक बोधप्रद आहे.

राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान पूर्वानुमान केंद्राने स्वीकारलेले टी-८० हे प्रारूप मूळ अमेरिकी वंशाचे. त्यात वातावरणाचे वर्णन तरंगांच्या बेरजेने केले जाई आणि पृथ्वीभोवती जास्तीत जास्त ८० तरंग धरले जात. पूर्व-पश्चिम २५६ आणि उत्तर-दक्षिण १२८ बिंदूंच्या जाळ्यावर पाऊस, प्रारण, भूपृष्ठाचे तापणे यांचे गणित होई. दोन बिंदूंमधले अंतर विषुववृत्ताजवळ सुमारे १५० किलोमीटर. एवढ्या चौकटीत सह्याद्रीचा घाटमाथा आणि कोकण एकाच ठोकळ्यात जमा होतात, हे लक्षात घेतले की त्या काळच्या अंदाजांबद्दल जरा सहानुभूती वाटू लागते.

ही आज्ञावली फोरट्रान ७७ मध्ये होती. त्या भाषेत रचनांचे आकार आधीच ठरवून द्यावे लागत. अनेक उपकार्यक्रम एकाच सामाईक स्मृतिखंडात लिहीत-वाचत असत, आणि कोणती किंमत कोणी कुठे बदलली हे शोधणे जिकिरीचे होई. त्यात क्रेच्या सदिश रचनेसाठी केलेल्या सोयी. वर्षानुवर्षे अनेक हातांनी ठिगळे लावलेला असा कार्यक्रम चालत असतो, उत्तरेही देतो; पण तो पूर्णपणे समजलेला माणूस शोधून सापडत नाही.

१९९० च्या दशकात देशी समांतर संगणकांवर हे प्रारूप चालवण्याचे प्रयत्न झाले. बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत रोद्दम नरसिंह यांच्या पुढाकाराने १९८६ पासून 'फ्लोसॉल्व्हर' संगणक बांधले जात होते. सी-डॅकचा 'परम' आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'अनुपम' हेही मैदानात होते. अडचण अशी की तरंगांच्या पद्धतीत प्रत्येक टप्प्यावर साऱ्या पृथ्वीची माहिती एकत्र आणावी लागते. काम वाटून दिले, तरी प्रक्रियकांना परस्परांशी सतत बोलावे लागते, आणि मिळालेला वेग त्या बोलण्यात खर्च होतो.

याहून गहन प्रश्न शुद्धतेचा होता. संगणकातील बेरीज क्रमावर अवलंबून असते. क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात. क्रेची अपूर्णांक साठवण्याची पद्धतही इतर यंत्रांहून निराळी. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढेच भरले आणि त्यांच्या छोट्या प्रारूपातले हवामान काही काळाने पूर्णतः वेगळ्या वाटेला गेले. मग नव्या यंत्रावरचे दहाव्या दिवसाचे उत्तर जुन्यापेक्षा भिन्न आले, तर दोष कोणाचा? लेखकाच्या चुकीचा की वातावरणाच्या स्वभावाचा? याचा उलगडा पहिल्या काही टप्प्यांतच करावा लागतो. निरुपद्रवी फरक शेवटच्या अंकांत उगवून हळूहळू वाढतो. खरी चूक सहसा प्रारंभीच ठळक दिसते. ही तपासणी कंटाळवाणी असते, तिच्यावर पुरस्कार मिळत नाहीत, आणि तिच्यावाचून कोणतेही रूपांतर विश्वासार्ह ठरत नाही.

या पार्श्वभूमीवर भारतीय विज्ञान संस्थेचे रवी नंजुंडय्या आणि वांतरिक्ष प्रयोगशाळेचे यू. एन. सिन्हा यांनी १९९९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. विषय होता आधुनिक सॉफ्टवेअर अभियांत्रिकीमुळे वातावरणीय प्रारूपाच्या क्षमतेत पडणारा फरक. पूर्वानुमान केंद्राची आज्ञावली फोरट्रान ९० मध्ये नव्याने रचण्यात आली होती. ही केवळ शब्दांची अदलाबदल नव्हती. स्वतंत्र विभाग, गरजेनुसार आकार घेणाऱ्या रचना आणि यंत्रनिरपेक्ष लेखन यांमुळे आज्ञावली वाचता येण्याजोगी झाली.

वाचता आली म्हणून बदलता आली, हा त्यापुढचा टप्पा. या कामातून पुढे 'वर्षा' हे प्रारूप विकसित झाले. मंद वाऱ्यात, तापलेल्या जमिनीवरून वर जाणाऱ्या उष्णतेचे जुने सूत्र समाधानकारक नव्हते. भारतीय उन्हाळ्यात तर ही स्थिती नेहमीचीच. के. जी. राव आणि नरसिंह यांनी त्यासाठी निराळे सूत्र मांडले (२००६). असा एखादा विचार तपासायचा, तर प्रारूपातला नेमका तो भाग उचलून दुसरा बसवता यावा लागतो. बंद पेटीत ते शक्य नसते, आणि आयात केलेली आज्ञावली न समजता चालवणे म्हणजे बंद पेटीच.

नंजुंडय्या पुढे पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक झाले. याच संस्थेत घडलेली 'भारत फोरकास्टिंग सिस्टीम' २६ मे २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आली. तिच्या जाळ्यातले अंतर ६ किलोमीटर आहे; आधीच्या प्रारूपात ते १२ होते. जाळ्याची मांडणी नवी असली तरी तिचे मूळ जीएफएस या अमेरिकी प्रारूपातच आहे, आणि भाषा अजूनही फोरट्रान.