रीडर किती लांबून वाचतो, की कुठे उभा राहतो? आरएफआयडीची ऐंशी वर्षं

कॉलेजची लॅब असो, कपड्यांचं दुकान असो की भाड्याने साउंड सिस्टिम देणाऱ्याचं गोदाम, ठेवलेल्या सामानावर नजर ठेवायची म्हटलं की आज आरएफआयडीचं नाव निघतंच. टॅग चिकटवायचा, रीडरने वाचायचा, झालं. आणि रीडर विकणारा सगळ्यात आधी काय सांगतो? ‘साहेब, हा दहा मीटरवरून वाचतो.’ ऐकायला भारी वाटतं. पण या तंत्राचा इतिहास बघितला तर कळतं, की याच अंतराच्या आकड्याने भल्याभल्यांना चकवलंय.

सुरुवात करू मॉस्कोपासून. १९४५ साली सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकन राजदूत अॅव्हरेल हॅरिमन यांना एक सुंदर लाकडी राजमुद्रा भेट दिली. ती राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर लागली. आत होतं लिऑन थेरेमिनने बनवलेलं ऐकणारं यंत्र. त्यात ना बॅटरी, ना वायर. बाहेरून कुणीतरी त्यावर रेडिओ लहरी सोडायच्या. खोलीतल्या बोलण्याने आतला पातळ पडदा थरथरायचा आणि परत जाणाऱ्या लहरींमध्ये तो आवाज मिसळायचा. हे सापडायला १९५२ साल उजाडलं! तपासणाऱ्यांना काही सापडणार तरी कसं? लहरी सोडल्या नाहीत तर ते यंत्र गप्पच होतं.

आजचा साधा, बिनबॅटरीचा टॅग हे याचंच भावंड. तो स्वतःहून काहीच बोलत नाही. रीडर लहरी सोडतो, त्यातूनच टॅगमधल्या चिपला वीज मिळते आणि ती आपला नंबर परत पाठवते. म्हणजे सगळी मेहनत रीडरची. म्हणूनच निवड रीडरची नीट करायची.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. मारिओ कार्दुलो यांना १९७३ मध्ये मेमरी असलेल्या बिनबॅटरीच्या टॅगचं पेटंट मिळालं. त्यांच्या डोक्यात एक उपयोग होता टोलनाक्याचा. टोलनाक्यावर एका रांगेतून एका वेळी एकच गाडी जाते. लांबून वाचलं तर उलट बरंच. आपल्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच विचाराच्या वाटेवरचा.

गोदामाचं तसं नसतं. तिथे एका कपाटात दोनशे वस्तू असतात आणि रीडरने हाक मारली की दोनशे टॅग एकदम ‘हजर!’ म्हणून ओरडतात. मास्तरांना कुणाचंच नाव कळत नाही. यावर उपाय निघाला तो असा: प्रत्येक टॅगने मनातल्या मनात एक आकडा धरायचा आणि आपला आकडा आला की मगच बोलायचं. डिसेंबर २००४ मध्ये मंजूर झालेल्या ‘जेन टू’ या प्रमाणात ही हजेरीची पद्धत पक्की झाली. त्यामुळे एका सेकंदात शेकडो टॅग मोजता येऊ लागले.

याच्या मागे एक लिपस्टिक होती बरं का! प्रॉक्टर अँड गॅम्बलमधल्या केविन अॅश्टन यांना दिसलं, की एक शेड दुकानातल्या फळीवर सारखी संपलेली असते आणि कुणाला पत्ताच नसतो. १९९९ मध्ये एमआयटीत ऑटो-आयडी सेंटर सुरू झालं. अॅश्टन यांच्यासोबत तिथे होते संजय सरमा आणि डेव्हिड ब्रॉक. त्यांचं म्हणणं साधं होतं: टॅगमध्ये फक्त एक नंबर ठेवा, बाकी माहिती नेटवर्कवर. चिप लहान, टॅग स्वस्त. सगळ्यांची नजर पाच सेंटच्या टॅगवर लागली.

मग जून २००३ मध्ये वॉलमार्टने जाहीर केलं, की पहिल्या शंभर पुरवठादारांनी जानेवारी २००५ पर्यंत खोक्यांवर टॅग लावावेत. रीडर दारात उभे केले. आणि गाडी अडली. लांबून वाचणाऱ्या यूएचएफ लहरी पाणी शोषून घेतं आणि धातू परत फेकतो. पेयांचे कॅन आणि शाम्पूच्या बाटल्या रचलेल्या ढिगाच्या मधलं खोकं दारातल्या रीडरला कसं दिसणार?

२०१० मध्ये वॉलमार्टने पुन्हा सुरुवात केली, यावेळी जीन्स आणि आतल्या कपड्यांपासून. कपड्यात पाणी नाही, धातू जेमतेम. रीडर कर्मचाऱ्याच्या हातात. तो फळीपाशी जाऊन मोजायचा. तंत्र मुळात तेच होतं. माल बदलला आणि रीडर दारातून फळीपाशी आला.

आता आपल्या गोदामाकडे येऊ. रीडर घेण्याआधी तीन गोष्टी ठरवा. पहिली, वस्तू कशाची आहे? कपडे, कागद, पुठ्ठा असेल तर यूएचएफ छान चालतं. लोखंडी अवजारं असतील तर धातूवर चालणारे खास टॅग लागतात आणि ते महाग पडतात. दुसरी, मोजणार कुठे? रोज कपाटातली मोजणी करायची तर हातातला रीडर घ्या. दारातून काय बाहेर गेलं हे पाहिजे तर दारात बसवायचा. टेबलावर एकेक वस्तू द्यायची-घ्यायची असेल तर १३.५६ मेगाहर्ट्झचा, जवळून वाचणारा रीडर पुरतो. बऱ्याच लायब्ररीत हाच असतो. तिसरी गोष्ट लोक विसरतात: रीडरने काय वाचू *नये*? दहा मीटरवाला रीडर शेजारच्या खोलीतली वस्तूही ‘इथेच आहे’ म्हणून नोंदवतो. हरवलेली वस्तू यादीत हजर दिसली, तर तिला शोधायला कुणी जातच नाही. म्हणून रीडरची ताकद कमी-जास्त करता येते का, हे विचारा.

आणि हो, परदेशातून मागवत असाल तर वारंवारता बघा. भारतात २००५ मध्ये आरएफआयडीसाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला. अमेरिकेत ९०२ ते ९२८ चालतं. तिथला रीडर इथे तसाच लावू नका.

शेवटचं एकच. पैसे देण्याआधी विक्रेत्याला तुमच्याच गोदामात बोलवा. तुमच्याच पन्नास वस्तूंना टॅग लावा, त्यातल्या दोन बाजूच्या खोलीत ठेवा आणि मोजायला सांगा. रीडर अठ्ठेचाळीस म्हणाला, तर बोलणी पुढे न्या. पन्नास म्हणाला तर त्याला ताकद कमी करून पुन्हा मोजायला लावा!